नुसते नर द्या

"पोरं न होनारा मासा दे," मनुबाई म्हणाली.

मितेश टाकीची काच पुसत होता, तो थांबला. कल्याण स्टेशनपासून दहा मिनिटांवर त्याचं रंगीत माशांचं दुकान, बारा वर्षांचा धंदा. मोठा मासा द्या, वास्तूला चालेल असा द्या, सोफ्याला मॅच होईल असा द्या, सगळं ऐकून झालेलं. हे मात्र नवीन होतं.

"मावशी, पोरं कोणाला होत नाहीत?"

"ते मना नको सांगू. पोरं होनारा मासा मना घरात नको, बस."

आता ही मनुबाई कोण, ते सांगायला हवं. डोंबिवली पश्चिमेला खाडीच्या अंगाला मोठागाव आहे, तिथली ही कोळीण. वय बासष्ट. चाळीस वर्षं मच्छीबाजारात टोपली मांडून बसलेली. पापलेटाचे कल्ले उघडून ते किती दिवसांचं आहे ते सांगेल, आणि गिऱ्हाईकाने फार घासाघीस केली तर त्याच्या सात पिढ्या उघडून दाखवेल. असली बाई मासा विकत घ्यायला आली होती, तोही जिवंत, आणि तोही अंडंसुद्धा न खाणाऱ्या मितेशच्या दुकानात. आल्या आल्या तिने त्याला सुनावलं होतं, "तू मासा खात नाय नि मासा विकतो. मी खाते नि विकते. पाप कोनाला जास्त रं?" तो हसला. मनुबाईला मात्र पुरतं हसता आलं नाही, कारण पाप हा शब्द स्वतःच्याच तोंडून ऐकून तिचं काळीज चरकलं.

त्याला कारण होतं. घरी सून मेघालीचे चोवीस आठवडे भरत आले होते. मुलाच्या, जयेशच्या, लग्नाला सहा वर्षं झालेली आणि दोनदा पाळणा हलता हलता राहिलेला. पहिलं पाचव्या महिन्यात गेलं, दुसरं साडेपाच महिन्यांवर. ह्या वेळी डॉक्टरीणबाईंनी पिशवीच्या तोंडाला टाका घातला आणि सांगितलं, संडास-बाथरूम सोडून पलंगावरून पाय खाली नाही. "अठ्ठावीस आठवडे पार पडू देत, मग मी जरा श्वास घेईन," असंही वर म्हणाल्या. डॉक्टरच श्वास धरून बसल्यावर घरच्यांनी काय करायचं, सांगा!

आणि ती मेघाली म्हणजे ठाण्याच्या एका पतपेढीत काउंटरवर बसणारी, दिवसभर माणसांशी बोलणारी पोर. माहेर साताऱ्याकडचं, आई तिकडे गुडघे धरून बसलेली. सहा आठवडे भिंतीकडे बघून बघून ती गप्प झाली. टीव्हीने मळमळायचं, मोबाइलने डोकं दुखायचं. एक दिवस म्हणाली, "आई, समोर काहीतरी हलणारं हवं हो. नुसतं हलणारं." म्हणून काचेची टाकी. मितेशचा माणूस तीन दिवसांपूर्वी ती बसवून, पाणी भरून, बुडबुडे चालू करून गेला होता. पाणी मुरायला हवं म्हणे. तीन दिवस मेघाली रिकाम्या पाण्याकडे बघत पडली होती.

आता पापाचं. मेघालीचं दुसरं गेलं तेव्हा बाजारात एक नेहमीची गिऱ्हाईक बाई हलक्या आवाजात बोलून गेली होती. "मनुबाई, राग मानू नका, पण इतकी वर्षं पोटुशा माशांच्या अंड्यांनी भरलेल्या गाभोळ्या काढल्यात. कुठेतरी लागतंच." आणि ही भवानी स्वतः दर आषाढाच्या तोंडावर पाव पाव किलो गाभोळी बांधून नेणारी! मनुबाईने तिला फाडून खाल्लं. पण घरी येऊन तिने हात साबणाने तीनदा धुतले, आणि तेव्हापासून गाभोळीचा मासा आला की ती शेजारच्या टोपलीवालीकडे कापायला सरकवायची. जयेशला हे माहीत नव्हतं. मेघालीला तर कळूच द्यायचं नव्हतं.

"हे बघा मावशी," मितेश म्हणाला, "पहिल्यांदा मासे ठेवणाऱ्याला मी दोनच देतो. गप्पी नाहीतर मॉली. बाकीचे नाजूक. चार दिवसांत उलटे तरंगले तर घरी काय बघणार?"

उलटे तरंगणार म्हटल्यावर मनुबाईने कानाला हात लावला.

"पण दोन्ही पिल्लंवालेच आहेत. अंडी नाही घालत. पोटातून डायरेक्ट जिवंत पिल्लू. आणि एक आहे, आधीच सांगून ठेवतो, पिल्लं उचलली नाहीत तर आईच खाऊन टाकते."

समुद्रातली मुशी, म्हणजे छोटा शार्क, पिल्लं घालते हे मनुबाईला ठाऊक होतं. बाळंतिणीला दूध यावं म्हणून तिने गावातल्या किती लेकीसुनांना मुशीचं कालवण पोचवलं असेल, त्याला गणती नाही. पण आईच खाते? आणि हे मेघालीच्या पलंगासमोर, काचेत, लाइट लावून? देवा, खंडेराया!

"नुसते नर दे," ती म्हणाली. "एक पन मादी नको."

"हां, हे जमेल. गप्पीत तर काहीच टेन्शन नाही. रंगीत शेपटीवाला नर, फिक्की ती मादी. डोळे मिटून देतो."

मनुबाईने गप्पींच्या टाकीत नाक खुपसलं आणि लगेच मागे घेतलं. "हा तर आमच्या पिंपातला! पालिकेचा मानूस येतो नि डास होऊ नये म्हनून फुकट सोडून जातो. गटारात पन हाच."

"मावशी, हे फॅन्सी आहेत."

"शेपटीला रंग लावला म्हनून गटार सुटतं काय? माझ्या सुनेच्या डोळ्यासमोर मी गटारातला मासा ठेवू?"

शेजारच्या टाकीत मॉली होत्या. काळ्याभोर, मखमली, आपल्याच नादात फिरणाऱ्या. मितेश म्हणाला, ह्यांना पाण्यात थोडं खडे मीठ लागतं, मूळचा खाडीच्या तोंडाशी राहणारा मासा. झालं! मनुबाईचा जीव तिथेच अडकला. खारं-गोडं पाणी मिसळतं तिथला म्हणजे आपल्यातलाच की. हा मरायचा नाही.

"पण ह्यात नर-मादी दोघं काळे," मितेश सांगायला लागला. "पोटाखालचा पंख बघायचा. नराचा काडीसारखा असतो आणि मादीचा..."

तेवढ्यात मनुबाईचा फोन वाजला. स्क्रीनवर वरच्या मजल्यावरच्या स्वप्नाचं नाव. तिलाच मेघालीजवळ बसवून आली होती ना! हिरवं बटण दोनदा दाबलं तरी लागेना.

"काय झालं? स्वप्ना, काय झालं गो?"

"काही नाही मावशी, मेघाली विचारतेय, यायला किती वेळ आहे? आणि येताना आवळा सुपारी आणा म्हणतेय."

मनुबाईने भिंतीला पाठ टेकली. मादीचा पंख कसा ते ऐकायचं राहिलंच. पुन्हा विचारावं हेही सुचलं नाही. आता तिला फक्त घर गाठायचं होतं. मितेश दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळला होता, तर तिने त्याच्या हातातली जाळी काढूनच घेतली.

"मी निवडते."

"मावशी, एक मिनिट, मी बघून देतो."

"चाळीस वर्सं मासा बघते रं. तू मना शिकवनार?"

आणि तिथेच घोळ झाला. तिचं मन घरी होतं आणि हात सवयीने चालला. चाळीस वर्षं त्या हाताने काय उचललं? पाठीला जाड, अंगाने घट्ट, पोटाला भरलेलं. बसक्या पोटाचा मासा मनुबाईने जन्मात कोणाच्या टोपलीतून उचलला नव्हता. चार मॉली निघाल्या, चारही दणदणीत. एक तर अशी गरगरीत की मनुबाईला क्षणभर शंका आली. पण माघ चालू होता. तिच्या हिशोबात गाभोळी धरायची ती पावसाच्या तोंडाला, त्याला अजून चार महिने. खाऊन माजलाय लेकाचा, असं म्हणून तिने पिशवी बांधायला दिली.

शेअर रिक्षात पत्रीपुलाला नेहमीसारखंच अडकायला झालं. मांडीवर हवा भरलेली पिशवी, वर पदर. आजवर हजारो मासे नेले-आणले, पण ते बर्फात. जिवंत माशाने जिवंत राहावं म्हणून तिने कधी देवाला हाक मारली नव्हती. आता दर दोन मिनिटांनी पदर उचलून बघत होती. शेजारचा माणूस म्हणाला, "मावशी, फ्राय करणार का?" तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो पुढे डोंबिवलीपर्यंत मोबाइलमध्ये डोकं घालून बसला.

मॉली टाकीत सुटल्या आणि मेघाली हसली. सहा आठवड्यांत पहिल्यांदा. मनुबाई स्वयंपाकघरात जाऊन पदराने डोळे पुसून आली.

पुढचे दोन आठवडे घर जरा माणसात आलं. मेघाली बोलायला लागली. कुठली मॉली कुठलीच्या मागे लागते, कुठली आळशी, कुठली खादाड, हे संध्याकाळी जयेश कंपनीतून आला की त्याला सगळं सविस्तर. तोही बिचारा हातपाय न धुता ऐकत उभा राहायचा. मनुबाई सकाळचा बाजार करून बारापर्यंत परतायची आणि कॅलेंडरवर रोज एक काट मारायची. पंचवीस झाले. सव्वीस झाले. रात्री कूस बदलताना मेघालीने हुं केलं तरी तिला जाग यायची. कोणी "आता होईल हं सगळं नीट" म्हटलं की तिला त्याचं तोंड बंद करावंसं वाटायचं, कारण मागच्या दोन्ही वेळा लोक हेच म्हणाले होते. दुधाने तोंड पोळलेलं, ताकही फुंकून प्यावं ना माणसाने.

सत्ताविसावा लागला त्या दिवशी मेघाली म्हणाली, "आई, ती मोठी बघा. पोटुशी आहे ती."

"कसली पोटुशी! खाऊन फुगलीय. नर हायत सगळे."

"अहो, बघा तरी. माझ्यासारखीच झालीय. वळताना पण सावकाश वळते."

मनुबाई काचेशी वाकली. खालून पोट चौकोनी झालेलं. कोळणीला कुणी सांगायला हवं होतं थोडंच! दोन आठवडे ती माशांकडे नव्हे, मेघालीच्या तोंडाकडे बघत होती. तिने बाथरूममध्ये जाऊन, नळ सोडून मितेशला फोन लावला. तो म्हणाला, चौकोनी पोट म्हणजे आता चार-आठ दिवसांचा खेळ, पंख बघा म्हणून मी सांगितलं होतं मावशी, बरं आता आणून द्या, बदलून देतो.

मी निवडलं. माझ्या ह्या हातांनी निवडलं. मनुबाई नळाखाली हात धरून उभी राहिली. ती बाजारातली बाई काय म्हणाली होती ते तिला शब्दन् शब्द आठवलं. अठ्ठावीस पुरे व्हायला अजून दोन आठवडे होते. ह्या दोन आठवड्यांत ती मासोळी व्याली आणि मेघालीच्या डोळ्यांदेखत तिने पिल्लं गिळली, तर त्या पोरीच्या मनाचं काय होईल? आणि मनाचं पोटाला लागल्याशिवाय राहतं का? जयेशला सांगावं तर तो घाबरट, आणखी गोंधळ घालायचा. मनुबाईने ठरवलं, आपणच निस्तरायचं. दुपारी मेघालीचा डोळा लागला की मोठी काढायची, डब्यात घालायची, कल्याणला देऊन त्या जागी गप्पीचा नर आणायचा. गटारातला तर गटारातला. मेघालीला सांगू, मेली म्हणून. नाही, मेली नको. मितेश घेऊन गेला म्हणून सांगू.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला मेघाली डाव्या कुशीवर झोपली होती. मनुबाईने दार लोटलं, झाकणाचा डबा टाकीतल्याच पाण्याने भरला, हिरवी जाळी हळूच आत सोडली. मासा पकडण्यात ती चुकणार होती थोडीच. पहिल्या खेपेलाच मोठी जाळीत आली. पाण्याबाहेर तिचं वजन लागलं, आणि पाठीमागून किंकाळी आली.

"आई! सोडा तिला!"

मनुबाई वळली. मेघाली उठून बसली होती. एक पाय लादीवर, दुसरा येत होता.

"उठू नको! मेघाली, उठू नको बाय!"

"तिला पाण्यात सोडा आधी! ह्या दिवसांत हलवलं तर पिल्लं पडतात हो तिची! कच्ची पडतात! सोडा!"

मनुबाईच्या हातात जाळी, जाळीत मासोळी तडफडते आहे, आणि समोर सून उभी राहायला निघालेली. मग तिने जाळी टाकीत उलटी केली आणि धावत जाऊन मेघालीचे दोन्ही खांदे धरून तिला आडवं केलं. तिचा हात पोटावर गेला आणि तोंड पांढरं पडलं.

"आई, पोट कडक झालंय."

डॉक्टरीणबाईंनी फोनवर सगळं विचारून घेतलं. पाणी जातंय का, रक्त आहे का, किती वेळाने कडक होतंय. मग म्हणाल्या, डाव्या कुशीवर पडून राहा, दोन ग्लास पाणी प्या, एक तास बघा. तासाभरात कडक होणं थांबलं नाही तर दवाखान्यात या, आणि पाणी-रक्त दिसलं किंवा बाळ कमी हललं, तर तासाचीही वाट बघू नका, लगेच या.

एक तास! घड्याळाकडे बघत तास काढणं काय असतं ते ज्याने काढलंय त्यालाच माहीत. मनुबाईने जयेशला फोन केला, तो निघाला. मग ती पलंगाशी लादीवर बसली, मेघालीचा हात हातात घेऊन. पोट कडक व्हायचं, मेघाली डोळे मिटायची, मनुबाई मनात आकडे मोजायची. सैल पडायचं. पुन्हा दहा मिनिटांनी तेच.

"का काढत होतात तिला?" मेघालीने डोळे न उघडता विचारलं.

मनुबाईने खोटं बोलायचं ठरवून तोंड उघडलं आणि तिला रडू फुटलं. मग काहीच हातचं राखलं नाही. सगळं सांगितलं. नर मागितले होते, फोन आला, हात सवयीने चालला. आई पिल्लं खाते म्हणून मितेश म्हणाला. आणि ती बाजारातली बाई, त्या गाभोळ्या, साबणाने धुतलेले हात. "माझ्या हातांनीच लागलंय गो तुझ्या कुशीला. मी बोल्ले, निदान समोर तरी तसलं नको."

मेघालीने डोळे उघडले.

"मला माहितीये ती खाते ते," मग ती म्हणाली. "पहिल्याच आठवड्यात वाचलं मी मोबाइलवर. ती पोटुशी आहे हेही तेव्हाच कळलं होतं मला. तुम्हाला सांगितलं नाही."

"का गो?"

"तुम्ही घाबराल म्हणून." मेघालीला हुंदका आला, तिने तो आवरला, कारण हुंदक्यानेही पोट हलायचं. "आणि माझ्या आत्येने दुसऱ्या वेळेला काय म्हटलं होतं, ठाऊक आहे? ही पोरं खाणारी आहे म्हणाली. दोन खाल्ली हिने म्हणाली. माझ्या कानावर जाईल असं. तुमच्या हातांनी कसं हो लागेल आई? म्हणणारे मलाच म्हणतात."

मनुबाईला त्या आत्येचं नावही माहीत नव्हतं, पण ती समोर असती तर कोयता लांब नव्हता. "जीभ झडो तिची," ती म्हणाली आणि मेघालीचा हात आणखी घट्ट धरला. दोन वर्षं एका घरात दोघी दोन पापं उराशी धरून बसल्या होत्या, आणि ती पापं दोघींची नव्हतीच.

दोन वाजून पन्नास मिनिटांनी पोट सैल पडलं ते पुन्हा कडक झालंच नाही. तीन झाले, सव्वातीन झाले. मेघाली अचानक म्हणाली, "लाथ मारतंय," आणि मनुबाईचा तळवा ओढून तिने पोटावर ठेवला. आतून टक टक लागलं. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, ठीक आहे, पण आता काही म्हणजे काही धावपळ नको, आणि उद्या सकाळी एकदा दाखवून जा.

जयेश आला, घामाने निथळत. त्याला काय झालं ते अर्धंच सांगितलं. तो पायऱ्यांवर बसून पाणी प्यायला आणि उद्याच्या गाडीची व्यवस्था करायला खाली गेला.

पाचच्या सुमाराला मेघाली म्हणाली, "आई, बघा."

मोठी मॉली टाकीच्या कोपऱ्यात जाऊन बसली होती. जाळीने हलवली त्याचाच तो परिणाम असणार. तिच्या पोटाखालून काळ्या मोहरीएवढं काहीतरी सुटलं आणि थेट तळाशी जाऊन पडलं. हललं नाही. मेघालीने श्वास धरला. मनुबाईनेही धरला. कच्चंच पडलं की काय! मी हलवली म्हणून? त्या ठिपक्याने एक झटका दिला, दोन दिले आणि वर उसळून तो पोहायला लागला. मेघालीच्या तोंडून "अगं बाई" निघालं.

मग मात्र हातघाई सुरू झाली. एकामागून एक पडायला लागली. मनुबाईने वाटी घेतली, बाह्या सारल्या आणि कोपरापर्यंत हात टाकीत घातला. आयुष्यात इतकी बारीक मासळी तिने धरली नव्हती, आणि जगवायला तर कुठलीच नाही. एक वाटीत, एक पातेल्यात, पुन्हा वाटी आत. मेघाली पलंगावरून सांगत होती, "डावीकडे, आई! दगडामागे! तो वर गेला!" सोळा झाली, सतरा झाली. इतर तिन्ही हावऱ्या धावून येत होत्या, त्यांना मनुबाई कोळणीच्या शिव्या देत होती, आणि त्या शिव्या लिहिण्यासारख्या नाहीत.

तरी व्हायचं ते झालंच. एक पिल्लू सुटलं आणि मोठीच्या तोंडासमोरून गेलं. तिने तोंड उघडलं आणि ते आत गेलं. लगेच दुसरं. मनुबाईची वाटी पोचायच्या आत. लख्ख उजेडात, मेघालीच्या समोर.

मनुबाईची मान वळवायची छाती होईना. ती तशीच, पाण्यात हात घालून उभी राहिली. आता ही रडणार, आता पोट धरणार, आता सगळं संपणार. मग मागून मेघालीचा आवाज आला, नेहमीचा, जरा थकलेला.

"तिला खायला द्या हो आधी. दमलीय ती. भूक लागली असेल."

मनुबाईने डबीतलं खाद्य चिमटीने पाण्यावर टाकलं. मोठी सावकाश वर आली आणि खायला लागली. उरलेली पिल्लं निवांत उचलता आली. पातेल्यात बावीस होती. मनुबाई हात निथळवत पलंगाच्या कडेला टेकली.

"आई, एक विचारू? रागावू नका."

"विचार."

"मागच्या वेळी दवाखान्यातून घरी आले ना, तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. सगळ्या बायका बसल्या होत्या, रडत होत्या. तुम्ही पण देवासमोर बसला होतात. रात्रीपर्यंत कोणी मला जेवलीस का म्हणून विचारलं नाही. मला भूक लागली होती हो, खूप लागली होती. आणि भूक लागली म्हणून लाज वाटत होती." ती थांबली. "हे पण राहिलं नाही, तर मला आधी जेवायला वाढाल?"

अभद्र बोलू नको, हे वाक्य मनुबाईच्या ओठांपर्यंत आलं होतं. तसं म्हणायचीच रीत आहे. सगळं नीट होईल, हेही आलं होतं. तिने दोन्ही गिळलं. तिला तो दिवस आठवला, देवासमोर बसून ती स्वतःच्या हातांबद्दल क्षमा मागत होती आणि मागे खाटेवर ही पोर उपाशी पडली होती. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की मेघालीकडे बघवेना.

"वाढीन," ती म्हणाली. "ऱ्हायलं तरी पयलं ताट तुझं. नाय ऱ्हायलं तरी पयलं ताट तुझं. तू जेवल्याबिगर ह्या घरात कोन घास उचलनार नाय."

मेघालीने मान हलवली. तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे गेलं, ते तिने पुसलं नाही.

"आता लागलीय काय भूक?" मनुबाईने विचारलं.

"लागलीय."

मनुबाई उठली. हात धुतले, एकदाच धुतले, आणि भाकरीसाठी तांदळाचं पीठ काढलं.